साठ फोटो, एक दालन आणि तीन दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सातारा-सांगलीकडच्या आठवडी बाजारांचे फोटो तुम्ही आठ वर्षं काढताय, त्यातले साठ निवडून ठेवलेत. पुण्यात महापालिकेचं एक कलादालन ऑगस्टमध्ये तीन दिवस मिळालंय. साठही लावू का, केवढे प्रिंट करू, फ्रेम-लाइट-कॅप्शनचं काय, आणि खर्च कुठे वाचेल?

साठ लावू नका. हे मी तुमचे फोटो न बघताच सांगतोय. पंचवीसेक वर्षं प्रदर्शनं लावतोय. स्वतःची चार, बाकी सगळी दुसऱ्यांची. जास्त फोटो लावल्यामुळे पडलेली प्रदर्शनं पुष्कळ बघितली. कमी लावल्यामुळे पडलेलं एकही आठवत नाही.

आधी टेप घेऊन दालनात जा. फोटोंची निवड घरी लॅपटॉपवर होते असा आपला समज असतो, पण अर्धी निवड भिंत करते. भिंत रनिंग फुटात मोजायची. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, अग्निशामक नळकांडं, मध्येच आलेला खांब, अभिप्राय वहीचं टेबल हे सगळं वजा करा. समजा नव्वद फूट उरली. वीस बाय तीस इंचाचा आडवा प्रिंट माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) आणि फ्रेमसकट साधारण तीन फूट रुंद होतो. दोन फ्रेममध्ये दीड फूट मोकळी भिंत हवीच. म्हणजे एका फोटोला साडेचार फूट, नव्वदात वीस फोटो. बारा बाय अठराचा प्रिंट फ्रेमसकट दोन फूट आणि मध्ये एक फूट, असे तीस बसतात. तुम्ही दोन्ही मापं मिसळणार, तेव्हा चोवीस ते सव्वीसवर या. त्यातलेही दोन ऐनवेळी काढावे लागतील, ते टेबलाखाली ठेवायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट भिंतीइतकीच महत्त्वाची. सार्वजनिक दालनात येणारा माणूस तुमच्यासाठी आलेला नसतो. खासगी गॅलरीत निमंत्रण मिळालेले, चित्रं विकत घेणारे, निदान ठरवून आलेले लोक असतात. पण १९६८ साली सुरू झालेल्या आपल्या बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन घ्या. तिथे नाटकाची तिकिटं काढायला आलेलं जोडपं डोकावतं, तिसरी घंटा व्हायला वेळ आहे म्हणून कुणी आत येतं, पाऊस आला म्हणून कुणी येतं. मुंबईत काळा घोड्याला १९५२पासून उभी असलेली जहांगीर आर्ट गॅलरी ट्रस्टची आहे, सरकारी नव्हे, पण तिकीट नसल्यामुळे तिथलं चित्र तेच. हायकोर्टातून निघालेला वकील, कॉलेजची पोरं, फोर्टात खरेदीला आलेल्या बायका, सगळे सहज आत जातात. वरच्या टेरेस गॅलरीत प्रामुख्याने छायाचित्रंच लागतात, आणि जिना चढून तिथवर येणाऱ्यातही असे वाट वाकडी करून आलेले बरेच असतात. हा माणूस तुम्हाला दहा-बारा मिनिटं देतो. साठ फोटो असले की पंधराव्यानंतर त्याची चाल बदलते, मान भिंतीकडे आणि पाय दाराकडे. प्रदर्शन त्याच्यासाठी लावायचं. तुमचे फोटोग्राफर मित्र काहीही लावलंत तरी ‘वा’ म्हणणारच आहेत.

आता निवड. साठही फोटो कोपऱ्यावरच्या लॅबमधून पोस्टकार्ड आकारात छापून आणा आणि घरात फरशीवर पसरा. स्क्रीनवर एकामागून एक बघताना पुनरावृत्ती कळत नाही, फरशीवर लगेच कळते. फेटेवाले सुरकुतलेले आजोबा तुमच्याकडे किमान सात असतील. वरून काढलेला मिरच्यांचा ढीग, लिंबांचा ढीग, टोमॅटोंचा ढीग असेल. एक आजोबा, एक ढीग ठेवा. मग एखाद्या अशा माणसाला बोलवा, ज्याने तुमच्या बाजारफेऱ्यांच्या गोष्टी ऐकलेल्या नाहीत. ‘हा फोटो मिळवायला पहाटे तीनला उठलो’ हे तुम्हाला माहीत असतं, फोटोला नसतं. मी स्वतः एकदा केवळ अशा कष्टाच्या आठवणीपायी एक धूसर फोटो मधल्या भिंतीवर लावला होता. तीन दिवसांत त्याच्यापुढे कुणी थांबलं नाही.

क्रम गावांप्रमाणे लावू नका. आधी अमुक गाव, मग तमुक गाव असं लावलं की शाळेतला नकाशा होतो. बाजाराचा दिवस लावा. पहाटे टेम्पोतून उतरणारी पोती, पाल ताणणारे हात, पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी, भरात आलेली गर्दी, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून चाललेला सौदा, दुपारची पेंग, संध्याकाळी पडेल भावात निघणारा उरलासुरला माल, आणि शेवटी कोबीची पानं पडलेलं रिकामं मैदान. पाहणारा चालत चालत पहाटेपासून संध्याकाळपर्यंत जातो आणि त्याला ते सांगावंही लागत नाही. दारातून आत शिरल्यावर समोर जी भिंत दिसते तिच्यावर सगळ्यात बलवान फोटो ठेवा, मग तो दिवसाच्या क्रमात कुठेही बसो. तेवढी लबाडी चालते.

आकाराबद्दल नवखे लोक उलटं करतात. चेहरा मोठा छापतात आणि गर्दी लहान. खरं तर गर्दीच्या फोटोत बघण्यासारखं पन्नास ठिकाणी असतं, तिथे माणूस जवळ जाऊन शोधतो. तो वीस बाय तीस करा. रुमालाखालचा सौदाही मोठा करा, कारण सगळी गंमत रुमालाच्या एका फुगवट्यात आहे. एकट्या चेहऱ्याला बारा बाय अठरा पुरतो. त्याहून मोठा केलात की आपल्याकडे तो वाढदिवसाचा फ्लेक्स वाटायला लागतो. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडलं. अडुसष्ट देशांतले पाचशेतीन फोटो. पुढे ते भारतासह जगभर फिरलं. त्या मांडणीत काही फोटो भिंतभर होते आणि काही लहानसे. एवढ्या संख्येला लोक कंटाळले नाहीत याचं एक कारण हा चढउतार. अर्थात त्याच्या हाताशी वास्तुविशारद होता आणि संग्रहालयाचा अख्खा मजला होता, तेव्हा पाचशेच्या आकड्याने हुरळून जाऊ नका.

प्रिंटचं गणित सोपं आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये सहा हजार बाय चार हजार पिक्सेल असतात. इंचाला तीनशेने छापलं तर वीस बाय तेरा इंच, दोनशेने छापलं तर तीस बाय वीस. प्रदर्शनात माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, तिथे दोनशे पुरतात. पण क्रॉप केलेली फाइल असेल तर उरलेले पिक्सेल मोजा. आणि जुन्या फोनमधले काही फोटो व्हॉट्सअॅपवरून परत आणलेले असतील, तर तिथे लांब बाजू सहसा सोळाशे पिक्सेलच्या आसपास दाबलेली असते. त्यातून आठ इंचांपलीकडे काही निघत नाही. मूळ फाइल शोधा, नाहीतर तो फोटो सोडा.

प्रिंट काळोखे आले, अशी तक्रार दर दुसरा माणूस करतो. दोष बहुतेक वेळा लॅबचा नसतो. आपण मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण चढवून काम करतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. ब्राइटनेस अर्ध्याखाली आणा, लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (कागदावर रंग कसे उतरतील ते स्क्रीनवर दाखवणारी फाइल) मागून घ्या, आणि सगळे प्रिंट टाकण्याआधी सहा-सात फोटोंच्या पट्ट्या एकाच ए-फोर कागदावर छापून आणा. त्या पट्ट्या घरी न बघता दालनात नेऊन तिथल्या लाइटखाली बघा. ऑगस्टमध्ये लॅबना घाई असते. १९ ऑगस्ट जागतिक छायाचित्रण दिन, १८३९ साली त्या तारखेला डागेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली म्हणून. त्या आठवड्यात फोटोग्राफी क्लबांची प्रदर्शनं लागतात, सगळ्यांचे प्रिंट एकाच वेळी येतात, आणि तुमचा रंग नीट बघायला लॅबमधल्या मुलाला वेळ नसतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काम देऊन टाका.

कागद कोणता? तीन दिवसांच्या प्रदर्शनाला कॉटन पेपरवरचा महागडा, वर्षानुवर्षं टिकणारा पिगमेंट प्रिंट लागत नाही. मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (मंद चमकीचा) फोटोपेपर भागवतो. कुणी प्रिंट विकत मागितला तर तेवढाच चांगल्या कागदावर नव्याने काढून द्या. हा पहिला मोठा खर्च वाचला. दुसरा फ्रेमचा. छपाईपेक्षा फ्रेमिंग महाग पडतं, म्हणून दोनच मापं ठरवा आणि काळी, साधी, पाऊण इंची पट्टी घ्या. पुढच्या प्रदर्शनाला याच फ्रेममध्ये नवे फोटो जातील. पुण्यातल्या एखाद्या क्लबशी ओळख असेल तर त्यांच्याकडे जुन्या फ्रेम पडून असतात, संकोच न करता विचारा. सोनेरी नक्षीची पट्टी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

काच लावू नका. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी हौसेने प्रत्येक फोटोला काच लावली होती. दालनात छताला ट्यूबलाइटच्या दोन रांगा. उद्घाटनाला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या सर्वांत आवडत्या फोटोपुढे उभं राहून शांतपणे कंगवा काढला आणि भांग पाडला. फोटोत रात्रीचा घाट होता, काळाकुट्ट; आरसाच झाला होता तो. तेव्हापासून मॅट लॅमिनेशन, किंवा माउंट करून उघडाच प्रिंट.

पावसाळ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. कागद दमट हवा पितो आणि फुगतो. चारही बाजूंनी टेपने आवळलेला प्रिंट मग पापडासारखा लाटा काढतो. माउंटला तो फक्त वरच्या बाजूने दोन ठिकाणी अडकवा, खाली सुटा राहू द्या. छापलेला प्रिंट त्याच दिवशी फ्रेममध्ये कोंडू नका, शाईला एक दिवस मोकळी हवा मिळू दे. जुन्या इमारतींच्या बाहेरच्या बाजूच्या भिंती ऑगस्टमध्ये ओल धरतात, तेव्हा फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा. भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते, शिवाय फ्रेम तिरकी होत नाही. नेताना प्रत्येक फ्रेम वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, दोन-दोन समोरासमोर. रिक्षात नको, टेम्पो करा.

लावण्याचा दिवस म्हणजे अर्धं युद्ध. आदल्या प्रदर्शनवाल्याने वेळेवर दालन सोडलं तरच तुम्हाला सकाळ मिळते, आणि तो सोडत नाही. पावतीच्या मागचे नियम आधी वाचा. खिळा मारायचा नाही हे जवळपास सगळीकडे असतं. वर लोखंडी पट्टी किंवा रेल असते, तिच्यातून हुक आणि नायलॉनची दोरी सोडायची. हुक किती आहेत ते आधीच मोजून घ्या, कारण चाळीस लिहिलेले असतात आणि कपाटात बावीस निघतात. स्वतःचे एस-हुक, दोरीचं रीळ, पाणसळ, टेप, पेन्सिल, कात्री, एक्स्टेंशन बोर्ड, लहान शिडी बरोबर ठेवा. दुहेरी चिकटपट्टीने कॅप्शन लावलं तर काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा निघतो आणि अनामत रकमेतून पैसे जातात. कॅप्शन फ्रेमखाली दोरीलाच अडकवता येतं, किंवा साधी कागदी टेप वापरा.

उंचीचा नियम एकच : फोटोचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर. सगळ्या फ्रेमच्या वरच्या कडा एका रेषेत घ्यायच्या नाहीत, मध्य घ्यायचा. गणित असं. फ्रेम सव्वीस इंच उंच असेल तर निम्मे तेरा. सत्तावन्न अधिक तेरा म्हणजे सत्तर. फ्रेममागची दोरी ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून तीन इंच खाली येत असेल तर तीन वजा. हुकाचं टोक सदुसष्ट इंचांवर. संग्रहालयवाले कधी साठ इंचांचा मध्य धरतात. आपल्याकडच्या बायकांच्या आणि शाळकरी मुलांच्या उंचीला तो वर जातो, मी सत्तावन्नच धरतो. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून घेतलीत तर प्रत्येक वेळी मोजावं लागत नाही. माणसं तीन हवीत : एक धरणारा, एक मोजणारा, आणि एक पंधरा फुटांवर हाताची घडी घालून ‘डावीकडे खाली’ म्हणणारा. तिसऱ्याचं काम आरामाचं दिसतं पण तेच महत्त्वाचं आहे. ते फोटोग्राफरने स्वतः करू नये, त्याला फक्त आपले फोटो दिसतात, भिंत दिसत नाही.

लाइट तुमच्या हातात फारसा नसतो. फिरवता येणारे स्पॉट असतील तर ते उभ्या रेषेपासून तीसेक अंशांत फोटोवर आणा. सरळ समोरून मारला की चमक, अगदी वरून मारला की फ्रेमची सावली. पिवळे आणि पांढरे दिवे एकाच भिंतीवर मिसळलेले असतील तर चौकीदाराला विनंती करून एक जात बंद ठेवा. कृष्णधवल फोटो असतील तर हे शंभर टक्के करा, नाहीतर एक फोटो निळसर आणि शेजारचा तपकिरी दिसतो.

कॅप्शनबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘प्रतीक्षा’ नावाचा फोटो मी जवळपास प्रत्येक प्रदर्शनात बघितला आहे. त्याचे भाऊबंद ‘निरागस’, ‘बळीराजा’ आणि ‘जगण्याची धडपड’. हे काढून टाका. गाव, महिना, वर्ष, आणि फोटोत न दिसणारी एखादी माहिती द्या. ‘व्यापारी रुमालाखाली बोटांनी भाव सांगतो, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळत नाही’ एवढं लिहिलंत की शहरातला पोरगा त्या फोटोपुढे दोन मिनिटं जास्त थांबतो. अक्षर अठरा पॉइंटच्या खाली नको, चष्मा विसरून आलेल्यांची संख्या मोठी असते. दाराजवळ दीडशे शब्दांचं एक निवेदन, मराठीत. मुंबईला नेलंत तर सोबत इंग्रजीही.

कॅप्शनमध्ये माणसाला जातीने ओळखू नका. टोपल्या विणणारी बाई ही टोपल्या विणणारी बाई आहे. नाव लिहायचं तर तिला विचारून लिहा. फोटोचा कॉपीराइट तुमचा आहे. १९५७च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो तुमच्या हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. पण चेहरा तिचा आहे. बाजारात उघड्यावर काढलेला फोटो प्रदर्शनात लावणं वेगळं आणि मसाल्याच्या पाकिटावर छापायला देणं वेगळं. प्रदर्शन बघून असं कुणी विचारायला आलं तर त्या माणसाची लेखी संमती घेतल्याशिवाय होकार देऊ नका. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर काम केलं आहे, ते जमलं तर बघा. गटाराच्या घाणीत उभा असलेला माणूस त्या फोटोंत बिचारा होत नाही. तुमच्या साठातला एखादा फोटो असा असेल की ज्यात समोरचा माणूस आपल्याला बघून ओशाळला आहे, तर तो कितीही सुंदर असो, वगळा.

उद्घाटन पहिल्या दिवशी सकाळी अकराला ठेवू नका, तोवर तुमचे चार फोटो जमिनीवरच असतील. संध्याकाळी पाचला, पाहुणे एक, भाषण पाच मिनिटं, शाल-श्रीफळ हवंच असेल तर लवकर उरका. तीन दिवसांतली एक संध्याकाळ भाषणांत गेली तर हिशेब बघा काय उरतं. वर्तमानपत्रांना चार ओळींची बातमी आणि एक फोटो आठवडाभर आधी द्या, ‘आजचे कार्यक्रम’मधून येणारा पुणेकर अजूनही आहे.

आणि तिन्ही दिवस दालनात बसा, पण खुर्ची दारापाशी नको, कोपऱ्यात. कुणी आलं की लगेच उठून समजावायला जाऊ नका. वहीत तुम्हाला ‘अप्रतिम’, ‘खूप छान’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ मिळतील. त्यातून काही कळत नाही. पाय कळवतात. लोक कुठे थांबतात, कुठून मागे फिरतात, कुठल्या फोटोपुढे सोबतच्याला हाताने ओढून आणतात, हे एका कागदावर खुणा करून ठेवा. पुढच्या वेळी सव्वीसातले कोणते अठरा न्यायचे ते त्या खुणा सांगतील. कारण पुढची वेळ येणार. कोल्हापूरला शाहू स्मारक भवनात दालन आहे, ठाण्याला महापालिकेचं कला भवन आहे, पणजीला कला अकादमी आहे. जहांगीरसाठी अर्ज आजच टाका, तिथे नंबर लागायला वर्षं जातात.

एक संच मात्र वेगळा काढा, आणि तो फ्रेमचा नको. बारा-पंधरा फोटो सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाट्यांवर) चिकटवून, वर मॅट लॅमिनेशन करून घ्या. पावसाच्या शिंतोड्याला टिकतात. ज्या बाजारात सगळ्यात जास्त वेळा गेलात तिथल्या ग्रामपंचायतीशी आणि बाजाराच्या ठेकेदाराशी बोलून एका बाजारादिवशी देवळाच्या भिंतीलगत दोन बांबू आणि दोरी एवढ्यावर ते टांगा. तिथे उंची पन्नास इंच ठेवा, बरेच जण खाली बसून बघतात. ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्यासाठी पोस्टकार्ड प्रिंट पिशवीत ठेवा, प्रत्येकाचे दोन, कारण दुसरा लेक किंवा जावई घेऊन जातो. आणि चिमटे दुप्पट घ्या. दुपारनंतर मैदानावर वारा सुटतो.